फॉम्ब्लिन: काही महिने वापरल्यानंतर

फॉम्ब्लिनमध्ये बुडवलेल्या मेंदूच्या नमुन्याचा रात्रभर चालवलेला एमआरआय स्कॅन सकाळी उघडला, तर एका खाचेत काळाकुट्ट डाग आणि भोवतीच्या कॉर्टेक्सची (मेंदूच्या बाहेरच्या थराची) रेषा वाकडी झालेली. हवेचा एक बुडबुडा! त्या वैतागातच हे लिहितोय.

फॉर्मॅलिनमध्ये जतन केलेल्या नमुन्यांचा एमआरआय करणाऱ्यांना फॉम्ब्लिन, म्हणजे स्कॅनसाठी नमुना ज्यात बुडवतात तो तेलासारखा फ्लोरिनयुक्त द्रव, नवं नाही. यात हायड्रोजन नसल्याने स्वतःचा सिग्नल नाही, त्यामुळे पार्श्वभूमी काळी आणि कडा स्वच्छ येतात. पीबीएसमध्ये (क्षारांच्या पाणीदार द्रावणात) भोवतालचं पाणीच चमकतं. फॉम्ब्लिनमध्ये मात्र फील्ड ऑफ व्ह्यू (चित्रात टिपलं जाणारं क्षेत्र) थेट नमुन्यापुरता कापता येतो आणि वेळ वाचतो. वेळेचं मोल केवढं, तर व्होक्सेलची (चित्राच्या सर्वात लहान घनाची) बाजू निम्मी केली की सिग्नल आठपट घटतो आणि तो नुसत्या ॲव्हरेजिंगने (तेच मोजमाप पुन्हा पुन्हा घेऊन सरासरी काढून) भरून काढायला ६४ पट वेळ लागतो. म्हणूनच एका बुडबुड्यापायी गेलेली रात्र इतकी जिव्हारी लागते.

मूळ अडचण वजनाची. फॉम्ब्लिन पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असल्याने मेंदू तरंगतो आणि झाकणाला चिकटतो, नेमका जिथे हवा साठते तिथे. दाबून ठेवायला स्पंज लावला, तर स्पंजच हवा धरून ठेवतो. आता प्लॅस्टिकची जाळी लावतो. आधी पीबीएसमध्येच व्हॅक्यूमखाली हवा काढतो, मग फॉम्ब्लिनमध्ये पुन्हा, सावकाश, मधूनमधून भांडं कलतं करत. पंप एकदम जोरात ओढला तर फेस येतो. एवढं करूनही व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पोकळीच्या) टोकाशी एखादा बुडबुडा उरतोच.

महाग आहे, ही सुरुवातीची तक्रार मात्र मागे घेतो. ते पाण्यात मिसळत नाही, सहज उडूनही जात नाही. वर आलेलं पाणी काढून टाकायचं, गाळायचं आणि पुन्हा वापरायचं. मी थेंबही फेकत नाही.

चित्र निस्तेज आलं तर दोष याला देऊ नका. फॉर्मॅलिनमुळे टी-२ (सिग्नल विरायला लागणारा वेळ) घटतो. नमुना काही दिवस पीबीएसमध्ये धुतला की टी-२ बराचसा परत येतो. गॅडोलिनियममध्ये (कॉन्ट्रास्टसाठीच्या रसायनात) भिजवलं तर टी-१ (सिग्नल पुन्हा सावरायला लागणारा वेळ) कमी होऊन टीआर (दोन मोजमापांमधलं अंतर) छोटा ठेवता येतो, पण मोठ्या नमुन्याच्या मध्यापर्यंत ते मुरायला धीर हवा.

स्पिन एको आणि ग्रेडियंट एको या स्कॅनच्या दोन पद्धती. स्पिन एकोवर भागत असेल तर फॉम्ब्लिन बिनधास्त घ्या, तिथे बुडबुडे इतके छळत नाहीत. ग्रेडियंट एको लावणार असाल तर आधी चांगला व्हॅक्यूम पंप घ्या, फॉम्ब्लिन नंतर.