‘सगळ्या खड्यांना चालतं’ म्हणून विकलेलं वाफेचं यंत्र

हिरा, मोती, पाचू, ओपल, काहीही असो, बिनधास्त वाफ द्या, असं लिहून कोणी दागिने साफ करायचं घरगुती यंत्र विकत असेल तर त्याला एक तर दागिन्यांतलं काही कळत नाही किंवा तो जाणूनबुजून खोटं बोलतोय. माझी गाठ पडली ती दुसऱ्या प्रकारच्या विक्रेत्याशी. हे इतक्या खात्रीने सांगते, कारण त्याचं खोटं त्याच्याच खोक्यात छापील मिळालं. त्याबद्दल पुढे येतेच.

अंगठी पाचूची, भोवती बारीक हिरे. पैसे भरण्याआधी त्यांच्या चॅटवर मी सरळ विचारलं होतं, “पाचूला चालेल ना?” उत्तर लगेच आलं: “हो मॅडम, शंभर टक्के सेफ. सगळ्या नॅचरल स्टोन्सना चालतं.” या संभाषणाचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता, पुढे तोच कामी आला.

पहिल्या फवाऱ्यात हिरे खरोखर लखलखले. त्यात यंत्राची करामत फार नाही. हिऱ्याला तेलकटपणा चटकन चिकटतो, क्रीम आणि साबणाचा थर खड्याच्या पोटाशी, कोंदणाच्या आत साचतो आणि गरम वाफ तो उडवून लावते. पाचू मात्र थंड झाल्यावर वेगळाच दिसायला लागला. वरच्या सपाट पैलूवर एका कोपऱ्यातून पांढुरकी रेघ निघून मध्यापर्यंत गेलेली, तिला दोन बारीक फाटे. आधी वाटलं साबण राहिला असेल. कापडाने पुसलं, रेघ हलेना. खडा तिरपा धरला की ती चमकायची, सरळ धरला की तिच्याभोवतीचा हिरवा रंग सुकल्यासारखा दिसायचा.

रत्नपारख्याने भिंगाखाली धरून दोन मिनिटांत सांगितलं, “तडा नवा नाही. त्यातलं तेल गेलंय.” बहुतेक पाचूंमध्ये जन्मजात चिरा असतात, त्या झाकायला खाणीतून निघाल्यावर तेल किंवा राळ भरतात. देवदाराचं तेल त्यासाठी पूर्वापार वापरलं जातं, कारण प्रकाश वाकवण्याचा त्याचा गुण पाचूच्या बराच जवळचा आहे आणि त्यामुळे चीर डोळ्यांना दिसत नाही. उष्णतेने तेल पातळ होतं, बाहेर येतं, चिरेत हवा शिरते आणि दडलेलं सगळं उघडं पडतं. माझ्या बिलावर नुसतं ‘नैसर्गिक पाचू’ होतं, तेलाचा उल्लेख नाही. तीही फसवणूकच, पण तिच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.

मी तक्रार केली तेव्हा विक्रेत्याचं उत्तर होतं, “स्टोन आधीपासूनच क्रॅक होता.” बघा किती लबाड उत्तर आहे. शब्दाशब्दाने खरं, आणि तरीही जबाबदारी झटकणारं. चिरा असतात म्हणूनच तर पाचूला वाफ देत नाहीत!

यंत्र परत पाठवायला खोक्यात भरताना तळाच्या फोमखाली घडी केलेली पुस्तिका सापडली. मुंगीएवढ्या अक्षरांत तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: मोती, पाचू, ओपल, पोवळी आणि चिकटवलेले खडे यांवर वापरू नये. म्हणजे बनवणाऱ्याला माहीत होतं आणि विकणाऱ्याने ते लपवलं. त्या पानाचा फोटो काढून ठेवला.

तो फोटो पाठवल्यावर त्यांचा सूर एकदम मवाळ झाला आणि खरा सापळा पुढे आला. “अंगठी आमच्या लॅबला पाठवा, फ्रीमध्ये रिस्टोअर करून देतो.” लॅबचा पत्ता विचारला तर मिळाला नाही, नुसतं कुरिअरवाला घरी येईल म्हणाले. पावती, वजनाची नोंद, विमा यांतलं काही देणार का, यावर शांतता. अंगठी मी पाठवली नाही. यंत्र बिघडवतं, मग दुरुस्तीच्या नावाखाली दागिनाच मागवतात. यात यंत्र विकणं हे निमित्त असावं असा माझा संशय आहे. सिद्ध करता येणार नाही. पण एवढं ऐकूनही कोणाला अंगठी पाठवायची असेल तर धन्य आहे.

पैसे परत मिळाले ते बँकेमार्फत. कार्डाच्या व्यवहारावर हरकत घेतली आणि सोबत तीन गोष्टी जोडल्या: जाहिरातीचं पान, चॅट, पुस्तिकेचं पान. यंत्राची रक्कम मिळाली. पाचूला पुन्हा तेल भरायचा खर्च मात्र माझ्याच खिशातून गेला.

वाफ वाईट नाही, सोनारही वापरतात. त्यांच्या यंत्रात बंद टाकीत पाणी तापतं, 4 बारच्या आसपास दाब असला की आतलं तापमान 140 ते 150 अंश सेल्सिअस होतं, आणि कोणत्या दागिन्याला ते सोसेल हे त्यांना कळतं. साधं सोनं, त्यात घट्ट बसवलेला हिरा, चिरा न भरलेलं माणिक किंवा नीलम, यांना सहसा काही होत नाही. माणकात शिसाची काच भरलेली असेल तर त्याला वाफ नको. त्या काचेला लिंबाचा रससुद्धा सोसत नाही. ओपलमध्ये मुळात पाणी असतं, तापला की त्याला जाळीसारखे तडे जाऊ शकतात. टांझानाइट आणि पुष्कराज म्हणून विकला जाणारा टोपाझ तापमानाच्या धक्क्याने फुटू शकतात. मोती, पोवळं, अंबर, फिरोजा यांच्याजवळ वाफ नेऊच नका. लाखेवर किंवा पन्नीवर बसवलेले खडेही नकोत, लाख मऊ पडते.

वाफ द्यायचीच असेल तर आधी खडा धरून ठेवणाऱ्या नख्या हलताहेत का ते बघा. सैल खडा फवाऱ्याने उडतो आणि मोरीतून जातो, म्हणून खाली गाळणी धरा. दागिना चिमट्यात, बोटांत नाही. टाकी गरम असताना झाकण उघडायचं नाही. खरं सांगायचं तर रोजच्या मळाला कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरतो, पाचूलासुद्धा. फक्त भिजत ठेवू नका. मोती तर ओल्या कापडाने पुसले की झालं.

त्या विक्रेत्याचं पान आता दिसत नाही, पण तोच व्हिडिओ दुसऱ्या नावाखाली फिरतोय. त्यात पिवळट पडलेली पांढऱ्या सोन्याची अंगठी वाफेने शुभ्र होते आणि काळी पडलेली चांदीची साखळी झगझगीत होते. दोन्ही अशक्य. पांढऱ्या सोन्यावरचा ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा झिजला की तो पुन्हा चढवावाच लागतो, आणि चांदीवरचा काळेपणा हा गंधकाशी झालेल्या संयोगाचा थर असतो, नुसत्या वाफेने तो निघत नाही. व्हिडिओ थांबवून साखळीचा फासा बघा: आधीच्या दृश्यात गोल आहे, नंतरच्या दृश्यात लांबट.