होडी कागदावर काढायची की टेबलावर मांडायची?

दोन मिनिटांची फिल्म, गोष्ट एवढीशी. पाऊस नुकताच थांबलाय, आजी ओसरीवर चहा घेतेय, नातू पागोळ्यांच्या पाण्यात कागदी होडी सोडतो. होडी बुडते, दोघं हसतात. ही गोष्ट हाताने चित्रं काढून करायची, की बाहुल्या मांडून एकेक फोटो घेत स्टॉप मोशनमध्ये?

आधी हिशोब. सेकंदाला 24 फ्रेम (स्थिर चौकटी) धावतात, पण एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तरी डोळ्याला खटकत नाही. म्हणजे सेकंदाला 12, दोन मिनिटांना 1440. चित्रं असोत वा फोटो, आकडा तोच. चित्रांत मात्र एक सवड मिळते: आजी नुसती बघत बसली, की एकच चित्र चार सेकंद पुरतं. पण अगदी स्थिर चित्र निर्जीव दिसतं. म्हणून तेच चित्र तीनदा गिरवून आलटूनपालटून लावायचं. रेघ किंचित थरथरते, आजी श्वास घेतेय असं वाटतं. अशा गोष्टीचा जीव या थांबण्यातच असतो, त्यामुळे माझ्या लेखी हा मुद्दा सगळ्यांत मोठा.

स्टॉप मोशनमध्ये वस्तूची माया आयती मिळते: खरी कपबशी, मातीच्या गालावर उमटलेले बोटांचे ठसे. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या (1913) आधी कुंडीतलं वाटाण्याचं रोप थोडं थोडं टिपून पडद्यावर वाढवलं, ती युक्ती याच्याच नात्यातली. पण पाणी आणि वाफ इथे छळतात. दोन फोटोंमध्ये खरं पाणी हलतं, मग चुरगाळलेलं पारदर्शक प्लास्टिक वापरा, वाफेला पिंजलेला कापूस. बाहुली कलंडली की बहुतेक वेळा शॉट पहिल्यापासून. चित्रांत तेवढं एक चित्र बदललं की झालं. शिवाय ऊन सरकतं, म्हणून पडदे ओढून दिवे लावायचे आणि मोबाईलचा फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करायचा.

ॲनिमेशनची क्रिता, ओपनटून्झ, ब्लेंडर ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. ब्लेंडरमधलं थ्रीडी पहिल्या फिल्मला नको, आजी उभी करण्यातच महिने जातील.

होडीच्या गोष्टीसाठी मी चित्रंच निवडेन. तीच गोष्ट आजीच्या बटणांच्या डब्याची असती, तर बेलाशक स्टॉप मोशन. तरी मन हेलकावत असेल, तर होडी बुडण्याचे पाच सेकंद दोन्ही पद्धतींनी करून बघा: साठ चित्रं, साठ फोटो.