बँकेने नाही म्हटल्यावर हाउसिंग फायनान्सचं होम लोन: वर्षभर हप्ते भरल्यानंतरचा अनुभव

लोन घेऊन वर्ष होत आलं. घेतलं तेव्हा ओळखीतल्या निम्म्या लोकांनी वेड्यात काढलं की साडेअकरा टक्क्यांनी होम लोन कोण घेतं, आणि आता त्यातलेच काही जण हळूच विचारतात की कुठून केलंस रे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण हे एका कंपनीपुरतं नाही, या टाईपच्या बहुतेक लोनमध्ये असंच असतं.

माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, बायको घरी शिवणकाम करते. घर रिसेलचं, व्यवहार २७ लाखांचा, लोन हवं होतं २० लाख. बँकांनी परत पाठवायचं कारण सोपं होतं. एक तर आयटीआरमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये, दिसणारं उत्पन्न कमी, आणि दुसरं सिबिल, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली यावरून मिळणारा स्कोअर. म्हणजे स्कोअर खराब नव्हता, स्कोअरच नव्हता. क्रेडिट कार्ड नाही, हप्त्यावर कधी फ्रिजसुद्धा घेतला नाही, त्यामुळे रिपोर्टवर स्कोअरच्या जागी उणे एक. स्केल ३०० ते ९०० ची, बँकवाल्यांना ७५० च्या पुढचा हवा, आणि आम्ही त्या स्केलवरच नाही. कधी कुणाचे पैसे बुडवले नाहीत याला तिथे शून्य किंमत. खरं तर आरबीआयचं बँकांना सांगणं आहे की पहिल्यांदाच लोन घेणाऱ्याला फक्त हिस्ट्री नाही म्हणून नाकारू नका, पण काउंटरवरच्या माणसाला हे ऐकवून काही होत नाही, तो म्हणतो सिस्टीम घेत नाही सर.

मग राहिले तीन रस्ते. पतसंस्था, नागरी सहकारी बँक आणि हाउसिंग फायनान्स कंपनी, म्हणजे बँक नसलेली, मुख्यतः घरासाठी कर्ज देणारी कंपनी. पतसंस्थेत ओळख होती, काम लवकर झालं असतं, पण २० लाख आणि २० वर्षं म्हटल्यावर तेच मागे सरकले. आणि एक लक्षात ठेवा, पतसंस्था सहकार खात्याच्या अंडर येते, आरबीआयच्या नाही, त्यामुळे खाली जे नियम सांगणार आहे ते तिथे धरून चालू नका. नागरी बँकेचा रेट बरा होता, पण तिथे सभासद व्हावं लागतं आणि तारणी कर्जावर साधारण अडीच टक्के शेअर्समध्ये ठेवावे लागतात, म्हणजे २० लाखांवर ५० हजार सुरुवातीलाच अडकले, वर दोन जामीनदार पाहिजेत, पगारदार असले तर उत्तम. ज्याला जामीनदार मिळतील त्याने नागरी बँकच बघावी असं माझं मत आहे. मला मात्र कुणाच्या दारात जाऊन सही कर म्हणायचं जिवावर आलं, म्हणून हाउसिंग फायनान्स.

इथे काय वेगळं होतं ते सांगतो, कारण लोन मिळालं ते याच्यामुळेच. बँकेने कागद बघितले, यांनी धंदा बघितला. क्रेडिट मॅनेजर दुकानात येऊन बसला, नुसता बसला हो, चहा प्यायला आणि येणारी गिऱ्हाईकं बघत राहिला, मग डिस्प्ले कुठून आणता, एका डिस्प्लेमागे किती सुटतात, उधारी किती थकते, होलसेलरची बिलं दाखवा, यूपीआयचं स्टेटमेंट दाखवा, शेजारच्या दुकानदाराला बाहेर नेऊन काहीतरी विचारलं ते वेगळंच. घरी आला तर बायकोची मापांची वही मागितली. "वहिनी, दिवाळीत ब्लाउज किती येतात आणि श्रावणात किती?" ती आधी बावरली, मग तिने मागच्या वर्षीच्या वहीतून सगळं मोजून दाखवलं. शेवटी त्याने जे उत्पन्न धरलं ते आयटीआरपेक्षा बरंच जास्त होतं आणि अगदी खरं सांगायचं तर आमच्या खऱ्या कमाईच्या जवळचं होतं. तिचं उत्पन्न धरलं म्हणून ती को-ॲप्लिकंट झाली आणि घरावर तिचंही नाव लागलं, हे फार छान झालं.

आता खर्च. मी केएफएस मागून घेतला, की फॅक्ट स्टेटमेंट, १ ऑक्टोबर २०२४ पासून तो देणं बंधनकारक आहे, बँक असो, नागरी बँक असो की हाउसिंग फायनान्स. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो, व्याज अधिक फी वगैरे सगळं धरून लोन वर्षाला किती टक्क्यांना पडतं तो. सेल्सवाला तोंडाने फक्त रेट सांगतो, तुम्ही एपीआर बघा. रेटशिवाय खर्च लागतो तो प्रोसेसिंग फी, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, लीगल, व्हॅल्युएशन, आणि नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे घर गहाण ठेवल्याची सूचना, जी रजिस्ट्रेशन ऑफिसला ३० दिवसांत फाईल करावी लागते, यांचा. सगळ्यात मोठी गंमत इन्शुरन्सची. लोनबरोबर एकरकमी प्रीमियमची पॉलिसी चिकटवतात, प्रीमियम लोनमध्येच मिळवतात, म्हणजे त्या प्रीमियमवरही २० वर्षं साडेअकरा टक्के व्याज! कंपल्सरी आहे असं सांगितलं जातं, तसं काही नाही. मी म्हटलं मला लेखी द्या की याच्याशिवाय लोन मिळणार नाही, त्यानंतर तो विषय परत निघाला नाही. टर्म प्लॅन मी वेगळा घेतला, विमा पाहिजेच, फक्त लोनमध्ये घुसवलेला नको.

आणखी एक भानगड. विकणाऱ्याच्या नावाचा चेक तयार करून ठेवला होता पण आमच्या हातात रजिस्ट्रेशनच्या दिवशी आला, आणि पहिल्या स्टेटमेंटमध्ये व्याज चेकच्या तारखेपासून लावलेलं. एप्रिल २०२४ मध्ये आरबीआयने याच्यावर स्पष्ट लिहिलंय की पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या दिवसापासूनच व्याज घ्या. तो संदर्भ देऊन मेल टाकला, थोडे दिवस गप्प बसले, मग गुपचूप रिव्हर्स केलं. ब्रँचवाला पोरगा म्हणतो सर तुम्ही पहिलेच विचारणारे. विश्वास नाही बसला.

वापराचं म्हणाल तर रोजचा त्रास काही नाही. हप्ता ईसीएससारखा खात्यातून जातो, आधी आठवणीचा फोन येतो, जरा जास्तच गोड आवाजात. ॲपवर स्टेटमेंट मिळतं. दुखणं आहे ते रेटचं. २०२५ च्या फेब्रुवारीत रेपो, म्हणजे आरबीआय बँकांना पैसे देते तो रेट, साडेसहावरून खाली यायला लागला आणि डिसेंबरपर्यंत सव्वापाच झाला, सव्वा टक्का कमी. बँकांची फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाची, होम लोन २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या बेंचमार्कला बांधलेली आहेत त्यामुळे बँकेचं लोन असलेल्या मेहुण्याचा रेट आपोआप उतरत गेला. हाउसिंग फायनान्सला ते बंधन नाही, त्यांचा स्वतःचा पीएलआर, म्हणजे मूळ दर, असतो आणि तो कधी किती हलवायचा ते त्यांचं ते ठरवतात. माझा उतरला पाव टक्का. विचारलं तर म्हणे कन्व्हर्जन फी भरा, कमी करून देतो. म्हणजे रेट वाढतो लिफ्टने आणि उतरतो जिन्याने, तेही तिकीट काढून.

आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. २० लाख, साडेअकरा टक्के, २० वर्षं, हप्ता २१,३२९. हेच साडेआठने असतं तर १७,३५६. महिन्याला जवळपास ४ हजारांचा फरक. आणि पहिल्या हप्त्यातले १९ हजारांच्या वर व्याजात गेले, मुद्दल फिटलं २,१६२. वर्षभरात अडीच लाखांच्या वर भरले आणि मुद्दल कमी झालं २७-२८ हजार. बायकोने स्टेटमेंट बघून विचारलं, बाकीचे कुठे गेले? काय सांगणार.

तरी मी म्हणेन लोन घेतलं ते बरोबर केलं, कारण हे २० वर्षं चालवायचं लोन नाहीच. बँकेकडे परत जायचा कागद तयार करायचा म्हणून ते घेतलंय. आज माझा स्कोअर आहे, सातशेच्या पुढे आहे, हप्ता एकही बाउन्स नाही, आणि आयटीआर या वेळी पूर्ण उत्पन्न दाखवून भरला, टॅक्स गेला तो गेला. बॅलन्स ट्रान्सफरसाठी, म्हणजे लोन दुसऱ्या बँकेत हलवायला, बँका साधारण १२ महिन्यांचा हप्त्यांचा ट्रॅक बघतात. लोन फ्लोटिंगच घ्यायचं ते यासाठी, फ्लोटिंग रेटच्या वैयक्तिक होम लोनवर फोरक्लोजर चार्ज, म्हणजे मुदतीआधी लोन फेडल्याचा दंड, घेता येत नाही. "पहिली तीन वर्षं फिक्स्ड देतो सर, टेन्शन नाही" असं कुणी म्हणालं की समजून जा दार बंद करतोय. ट्रान्सफरला नवीन बँकेची फी, लीगल, परत ती नोटीस, हे लागणारच, पण हप्त्यातल्या फरकापुढे ते काही महिन्यांत वसूल होतं.

रेट ९ च्या आसपास सांगणारी बँक आता स्वतःहून फोन करतेय, तीच, जिची सिस्टीम घेत नव्हती. कागद दिलेत, व्हॅल्युअर येऊन गेला.

ज्यांना आत्ता घ्यायचंय त्यांच्यासाठी राहिलेलं. उत्पन्न वर्षाला ९ लाखांच्या आत, घर ३५ लाखांच्या आत आणि लोन २५ लाखांपर्यंत असेल, घरात कुणाच्या नावावर पक्कं घर नसेल, तर पीएमएवाय, म्हणजे प्रधानमंत्री आवास योजना, शहरी २.० च्या व्याज सबसिडीचं ब्रँचमध्ये विचारा, पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के आहे, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच हप्त्यांत येते. माझा अर्ज अजून पेंडिंगच दाखवतो. तक्रार करायची वेळ आली तर हाउसिंग फायनान्सची तक्रार आरबीआयच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे लोकपालाकडे, नाही, नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर टाकायची. ओरिजिनल कागद जमा करताना एकेका कागदाचं नाव लिहिलेली यादी सही-शिक्क्यासह घ्या, कारण लोन फिटल्यावर ३० दिवसांत ते परत द्यायचेत, त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार कंपनीने तुम्हाला द्यायचे असतात, आणि यादीच नसेल तर कोणता कागद अडकलाय हे दाखवणार कसं.