कोबो टूलबॉक्स रिव्ह्यू: एम.ए.च्या सर्व्हेसाठी वापरलं, प्रश्नावली कशी बनते ते इथं कळलं

रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर आपल्याकडे कसा शिकवतात ते समाजशास्त्र, अर्थशास्त्र, सोशल वर्क करणाऱ्या सगळ्यांना माहितीय. गृहीतकाचे प्रकार, नमुना निवडीचे प्रकार, चांगल्या प्रश्नावलीची वैशिष्ट्यं, टिपा लिहा, झाला पेपर. आता नवीन शैक्षणिक धोरणात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला हा ४ क्रेडिटचा पेपर सक्तीचा झालाय, पुढं रिसर्च प्रोजेक्ट पण आहे, म्हणजे प्रत्येकाला कधीतरी लोकांच्या दारात जाऊन प्रश्न विचारायचेच आहेत. आणि तिथं गेल्यावर कळतं की पाठ केलेली वैशिष्ट्यं फार उपयोगाला येत नाहीत. म्हणून हा रिव्ह्यू सर्व्हेचे फॉर्म बनवायच्या आणि भरायच्या एका सॉफ्टवेअरचा लिहितेय, कारण माझ्यासाठी खरा मेथडॉलॉजीचा क्लास तिथं झाला.

कोबो टूलबॉक्स मुळात आपत्तीत, निर्वासितांच्या छावण्यांत काम करणाऱ्या संस्थांसाठी तयार झालं, हार्वर्डच्या ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमधून. ओपन सोर्स आहे आणि विद्यार्थ्याच्या सर्व्हेला फ्री अकाउंट आरामात पुरतं (लिमिट अधूनमधून बदलतात, अकाउंट काढताना बघून घ्या). कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये फॉर्म बनवायचा, फोनवर कोबोकलेक्ट नावाच्या अ‍ॅपमध्ये उतरवून घ्यायचा आणि गावात जायचं. नेट नसलं तरी चालतं, फॉर्म फोनमध्ये सेव्ह होतात आणि रेंज आली की पाठवता येतात. डोंगराकडच्या वाड्यांवर काम करणाऱ्यांना एवढ्यासाठीच घ्यावंसं वाटेल. गूगल फॉर्मपेक्षा हे बरं का, तर हो, घरोघरी जाऊन विचारायचं असेल तर नक्कीच.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. कागदावर प्रश्न लिहिताना काहीही लिहिता येतं, कागद अडवत नाही. इथं प्रत्येक प्रश्नाला आधी ठरवावं लागतं की उत्तर आकडा आहे, तारीख आहे, एकच पर्याय आहे की अनेक, आणि हे ठरवायला बसलं की अर्धे प्रश्न मुळात प्रश्नच नाहीत हे दिसायला लागतं. "तुम्ही रेशन आणि आरोग्य सुविधांबद्दल समाधानी आहात का?" याला हो किंवा नाही असे दोन पर्याय द्यायला गेलात की लगेच कळतं, रेशनबद्दल हो आणि दवाखान्याबद्दल नाही असं म्हणणाऱ्या बाईनं काय निवडायचं? उत्पन्नाचे गट ५ ते १० हजार, १० ते १५ हजार असे टाकले तर बरोबर १० हजारवाला कुठं जाणार? पुस्तकात हे सगळं असतंच, पण पर्याय आपल्या हातानं टाइप करताना जे डोक्यात बसतं ते वाचून बसत नाही.

त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं फीचर म्हणजे स्किप लॉजिक. शेती आहे का, नाही म्हटलं की शेतीचे सगळे प्रश्न गायब. सोपं वाटतं, पण हे लावताना पूर्ण सर्व्हेचा रस्ता आधी डोक्यात आखावा लागतो. स्वतःची जमीन नाही पण दुसऱ्याची बटईनं करतो, त्याचं काय? तो "नाही" म्हणाला आणि तुम्ही त्याचे शेतीचे सगळे प्रश्न उडवले तर बटईदार तुमच्या डेटामधून पुसला गेला ना. व्हॅलिडेशन, म्हणजे चुकीचं उत्तर भरतानाच अडवणं, पण असंच. जमिनीच्या क्षेत्राला एकर आणि गुंठे असे दोन रकाने वेगळे ठेवा, आणि गुंठ्यांच्या रकान्यात ४० किंवा त्याहून जास्त आकडा आला की अ‍ॅपनं थांबवलं पाहिजे, कारण ४० गुंठ्यांचा एकर होतो.

आणि घरातली माणसं! प्रत्येक माणसाचं वय, शिक्षण, काम असं विचारायचं असेल तर रिपीट ग्रुप वापरतात, म्हणजे तेच प्रश्न प्रत्येकासाठी पुन्हा येतात. हा ग्रुप बनवताना कुटुंब म्हणजे कोण हे लिहून ठरवावंच लागतं. जनगणनेत एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब धरतात, ठीक आहे, पण बीडकडच्या एखाद्या गावात थंडीत जा, ऊसतोडीला गेलेला मुलगा आणि सून या घरात धरायची की नाही? धरली तर त्यांचं वर्षाचं काम कोणतं लिहायचं? त्यांची मुलं आजीकडं राहिलीत, ती शाळेत जातात का हे आजीला विचारायचं, मग उत्तर देणारी कोण आणि कुटुंबप्रमुख कोण? एवढा सगळा विचार एका स्क्रीनवर करावा लागतो, आणि संकल्पनेची कार्यात्मक व्याख्या नावाचं जे प्रकरण आपण परीक्षेत पाच मार्कांना लिहितो ते हेच आहे.

पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या काळात पुणे शहराचा सामाजिक-आर्थिक सर्व्हे झालेला, तोही कागदी तक्त्यांवर. त्यांनाही कुटुंब कशाला म्हणायचं ते ठरवावं लागलंच असेल. म्हणजे अ‍ॅपनं मेथड दिली असं अजिबात नाही, फक्त टाळता येत नाही एवढं केलं.

आता कमी काय. पहिलं म्हणजे कोणाला विचारायचं हे अ‍ॅप सांगत नाही. घरांची यादी करून त्यातून रँडम निवड करणं हे काम तुमचंच, नाहीतर रस्त्याकडेची, दार उघडं असलेली, चहा देणारी घरं भरून येतात आणि वस्तीच्या टोकाची घरं राहतात. हजार फॉर्म भरले तरी हा दोष जात नाही.

दुसरं, फोन बाहेर काढला की लोक बिचकतात. केवायसी आहे का, कुठली योजना आहे, पैसे येणार का, हे विचारतातच, आणि त्यांचं बरोबरच आहे. म्हणून पहिलीच स्क्रीन संमतीची ठेवा, सोप्या मराठीत, आपण कोण, कशासाठी विचारतोय, फायदा काही मिळणार नाही, नको असेल तर नाही म्हणा, आणि "नाही" आलं की फॉर्म तिथंच संपू द्या. जातीचा, कर्जाचा प्रश्न असेल तर "सांगायचं नाही" हा पर्याय वेगळा, "माहीत नाही" वेगळा. दोन्ही एकत्र केले तर नंतर कोण गप्प बसलं आणि कोणाला खरंच माहीत नव्हतं ते कधीच सापडणार नाही.

जीपीएसचं फीचर आहे म्हणून लगेच लावू नका. नाव काढून टाकलं तरी घराचं लोकेशन आणि जात एकाच ओळीत असेल तर लहान गावात माणूस कोण ते कोणीही ओळखेल. माझं मत स्पष्ट आहे, एम.ए.च्या प्रोजेक्टला वस्तीचं नाव पुरतं.

तिसरं, कागदाच्या कडेला आपण जे खरडतो ते इथं राहत नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी एक "टिपण" नावाचा मोकळा रकाना टाका, "सासू शेजारी बसली होती, सून बोलली नाही" अशी एक ओळ नंतर आकड्यांपेक्षा जास्त कामाला येते. आणि सविस्तर मुलाखती घ्यायच्या असतील तर कोबो नकोच, रेकॉर्डर आणि वही घ्या, समोरचा माणूस बोलत असताना स्क्रीनकडं बघत बसणं बरोबर नाही.

मराठीत फॉर्म छान दिसतो, पण कॉलमचं नाव स्वतः छोट्या रोमन अक्षरांत टाका, नाहीतर डेटा काढल्यावर कुठला कॉलम कशाचा ते शोधत बसाल. डाउनलोड सीएसव्हीऐवजी एक्सेलमध्ये करा, देवनागरी नीट येते. पुढं टेबलं आणि काय-वर्ग (chi-square) चाचणी, म्हणजे दोन गोष्टींचा संबंध आहे का ते तपासणं, यासाठी जामोव्ही नावाचं आकडेवारीचं सॉफ्टवेअर घ्या, तेही फ्री आहे, एसपीएसएस या विकतच्या सॉफ्टवेअरची पायरेटेड कॉपी शोधायची गरज नाही. फॉर्म सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ आपोआप नोंदली जाते, तीही बघा, चाळीस प्रश्नांचा फॉर्म तीन मिनिटांत संपलेला दिसला तर तो भरणाऱ्याशी बोलायला पाहिजे.

माझ्याकडून ५ पैकी ४. विभागात एक अकाउंट काढून पहिल्याच सेमिस्टरला मुलांकडून फॉर्म बनवून घ्यावा, मग शेजारच्या वर्गात एकमेकांना विचारून बघावा, मग गावात. अ‍ॅप अँड्रॉइडवरच चालतं, आयफोनवाल्यांनी ब्राउझरमधली लिंक वापरावी, आणि निघायच्या आधी रिकामा फॉर्म फोनमध्ये उतरवून घ्यावा, तिथं रेंज नसते.