‘टॉमबॉय’ की ‘ट्वेंटी थाउजंड स्पीशीज ऑफ बीज’?

दोन्ही सिनेमांत उन्हाळ्याची सुट्टी आहे, दोन्हींत मुलगा की मुलगी ही आपली ओळख मुलाला इतर समजतात त्याहून वेगळी वाटते. पण घरचे कसे वागतात, यात जमीन-अस्मानाचा फरक.

सेलीन सियामाचा ‘टॉमबॉय’ (२०११) फ्रेंच. दहा वर्षांची लोर नव्या वस्तीत स्वतःचं नाव मिकाएल, म्हणजे मुलाचं, सांगते. पोहायला जाण्याआधी ती स्विमसूट कापून त्याची चड्डी करते, आत खेळायच्या मातीचा गोळा ठेवते. धाकटी बहीण जान हे गुपित सांभाळते. माझ्या मते सिनेमातली सर्वांत शहाणी व्यक्ती तीच. आईला कळतं तेव्हा ती लोरला निळा फ्रॉक घालायला लावून खरं सांगायला दारोदार नेते. आई दुष्ट नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत शाळा सुरू होणार, मग काय करायचं, हा तिचा प्रश्न खरा आहे. म्हणूनच तो प्रसंग जास्त टोचतो.

एस्तिबालिस उर्रेसोला सोलागुरेनचा ‘ट्वेंटी थाउजंड स्पीशीज ऑफ बीज’ (२०२३), थोडक्यात ‘बीज’ म्हणजे मधमाश्या, स्पेनच्या बास्क प्रदेशातला. सगळे मुलगा समजतात, पण स्वतःला मुलगी मानणाऱ्या आठ वर्षांच्या लुसियाला आधी समजून घेते ती मधमाश्या पाळणारी लुर्देस, आईची मावशी. आई आने मोकळ्या विचारांची, तरी निर्णय पुढे ढकलत राहते. ही टाळाटाळ आपल्याकडच्या सुशिक्षित पालकांना फार ओळखीची वाटेल. लुसिया झालेल्या सोफिया ओतेरोला नवव्या वर्षी बर्लिन चित्रपट महोत्सवात अभिनयाचं रौप्य अस्वल हे पारितोषिक मिळालं, ते योग्यच.

‘बीज’ दोन तासांहून लांब, मध्ये रेंगाळतो. तरीही पालकांनी तोच आधी पाहावा. मुलांसोबत बसणार असाल तर ‘टॉमबॉय’.