गणिताच्या शिकवणीत गोष्टी: वर्षभर स्टोरीवीव्हर वापरून

मी मिरजेत घरीच पाचवी ते आठवीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या संकेतस्थळाकडे मी वळले ते एका शाब्दिक उदाहरणामुळे. ‘एका पेटीत 24 आंबे. अशा 6 पेट्या आणल्या. त्यांतले 15 आंबे नासले. चांगले किती उरले?’ सहावीतल्या मुलानं उत्तर लिहिलं 45. दिसतील ते आकडे मिळवून टाकले होते. तेच उदाहरण मी मोठ्यानं वाचून दाखवलं, तर तोंडी हिशोब करून म्हणाला, “129, बाई.” गुणाकार येत होता, वजाबाकी येत होती. ‘पेट्या’ हा शब्द फोडेपर्यंत मागचं वाक्य डोक्यातून निसटत होतं, एवढंच.

हा एकटाच नव्हे. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या 2024 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या शंभरातल्या साधारण 27 मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. बाकीची मुलं वरच्या वर्गात जातातच. तिथं इतिहासाचा धडा असो, विज्ञानाचा प्रयोग असो की शिष्यवृत्तीची प्रश्नपत्रिका, सगळं वाचूनच समजून घ्यायचं असतं. पुढं भरतीच्या परीक्षेला बसली तरी आधी प्रश्न वाचायचाच आहे.

स्टोरीवीव्हर हे प्रथम बुक्स या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेचं संकेतस्थळ, 2015 साली सुरू झालेलं. मराठीत भरपूर चित्रगोष्टी आहेत आणि वाचायला पैसे लागत नाहीत. मला सगळ्यात उपयोगी पडल्या त्या पातळ्या. पहिल्या पातळीत सोपे आणि पुन्हापुन्हा येणारे शब्द, चौथ्या पातळीत मोठ्या गोष्टी. कुठली गोष्ट कोणत्या पातळीची ते तिथंच कळतं, त्यामुळे मुलाची इयत्ता बाजूला ठेवून तो खरोखर जिथं आहे तिथून सुरुवात करता येते.

पण सहावीच्या मुलाच्या हातात पहिल्या पातळीची गोष्ट द्यायची कशी? त्याला लाज वाटते, आणि ती वाटणारच. मी त्याला सांगितलं, “तुझ्या धाकट्या बहिणीला रोज एक गोष्ट वाचून दाखव. आधी इथं माझ्यासमोर सराव कर.” बहिणीला दाखवायचं म्हणून तो मन लावून वाचायचा. शिकवणीची पहिली पंधरा मिनिटं त्यासाठी राखून ठेवली. पहिला महिना मी अर्थ विचारलाच नाही, फक्त ओघ ऐकला. अक्षर-अक्षर तोडणं थांबलं, मगच विचारायला लागले, ‘का गेली ती तिथं?’ दिवाळीनंतर तो दुसऱ्या पातळीवर आला. फेब्रुवारीत एका उदाहरणात त्यानं स्वतःहून ‘प्रत्येकी’ या शब्दाखाली रेघ मारली. मी काही बोलले नाही, पण तो दिवस माझ्या लक्षात आहे.

वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इथं कुणालाही भाषांतर करता येतं, तेव्हा मुलाला देण्याआधी गोष्ट स्वतः वाचा. मराठी कानाला बरी लागली तरच द्या. आणि होता होईल तो फोनवर वाचायला देऊ नका. मी झेरॉक्सच्या दुकानातून काळ्या-पांढऱ्या प्रती काढून घेते आणि दोऱ्यानं शिवते. मुलं त्यांतली चित्रं रंगवतात, आणि रंगवता रंगवता पुन्हा वाचतात. सेमी-इंग्रजीच्या मुलांसाठी आणखी एक सोय: बऱ्याच गोष्टी मराठीत आणि इंग्रजीतही आहेत. आधी मराठी वाचायची, दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीत. गोष्ट माहीत असली की मूल इंग्रजी शब्दाला घाबरत नाही.

आठवीच्या मुलांना मात्र चित्रगोष्टी पुरत नाहीत. त्यांच्यासाठी मी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाकडे वळते. 1971 पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक बालभारतीनं फुकट वाचायला ठेवले आहेत. सध्या आमच्याकडे दर शनिवारी त्यातला एक लेख मोठ्यानं वाचतो, आणि त्या दिवशी उदाहरणं दोनच सोडवतो.