मोदेनाच्या शेवटच्या ड्यूकची वॉकिंग टूर, माझा अनुभव

नवरा आणि मुलगा फेरारीच्या म्युझियममधून हलायला तयार नव्हते म्हणून मी नुसता वेळ काढायला ही अर्ध्या दिवसाची टूर घेतली, आणि आख्ख्या इटली ट्रिपमधलं आता तेच जास्त आठवतंय.

आधी तक्रार. बुकिंग करताना 'ड्यूकचा राजवाडा' असं मोठ्ठं लिहिलेलं, प्रत्यक्षात बाहेरूनच बघायचा, कारण आत मिलिटरी अकॅडमी आहे आणि आत जायचं बुकिंग वेगळं असतं. एका ओळीत सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? वर कानातल्या रिसीव्हरची खरखर. एक स्टार त्याचाच कापलाय.

पण गाइड बाई भारी! साठीच्या असतील, चौकात भर उन्हात उभं करून आम्हाला तो शेवटचा ड्यूक, फ्रान्चेस्को पाचवा, ऐकवला. 1846 ला गादीवर बसला, 1848 च्या बंडात पळाला, परत आला, आणि जून 1859 मध्ये माजेंताच्या लढाईत ऑस्ट्रिया हरल्यावर जो गेला तो गेलाच. पण साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक त्याच्या मागोमाग गेले, राज्य गेलेलं तरी ती पलटण 1863 पर्यंत ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या व्हेनेतोत त्याच्याच नावाने टिकली, शेवटी निरोप देताना त्याने सगळ्यांना पदक दिलं, संकटातल्या निष्ठेबद्दल असं लॅटिनमध्ये कोरलेलं. बाईंनी फोनवर झूम करून एकेक अक्षर दाखवलं. जाताना त्याने घराण्यातल्या जुन्या ड्यूक बोर्सोचं चित्रांचं बायबलही उचललेलं, ते 1923 मध्ये त्रेक्कानी नावाच्या उद्योगपतीने विकत घेऊन देशाला दिलं, आता मोदेनातच आहे.

एकुलती मुलगी तान्हेपणीच गेलेली, म्हणून 1875 मध्ये व्हिएन्नात वारला तेव्हा इस्टेट फ्रान्झ फर्डिनांडला, अट एकच, नावापुढे 'एस्ते' हे घराण्याचं नाव लावायचं. हो हो, तोच साराजेव्होवाला, ज्याच्या खुनावरून पहिलं महायुद्ध पेटलं! म्हणजे दत्तकच की, फक्त आडवा यायला डलहौसी नव्हता.

शेवटी एका घराच्या माळ्यावर बाल्सामिक व्हिनेगर. पिंपं मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीने लावलेली, कमीत कमी 12 वर्षं मुरवतात. उन्हाळ्याची गरमी आणि हिवाळ्याची थंडी दोन्ही लागते म्हणून माळ्यावरच. चमच्यात थेंब दिला तो काकवीसारखा दाट, आधी गोड मग आंबट. ड्यूकच्या राजवाड्यातली पिंपं इटलीच्या नव्या राजाने तोरीनोजवळ मोंकालिएरीला नेली तर तिथे सगळं नासलं, हे सांगताना बाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघायलाच तिकीट वसूल.

गुडघे दुखत असतील तर माळ्याचा जिना अवघड आहे, विचारून घ्या. बाटली 100 मिलीचीच असते, माझी केबिन बॅगेत चालली.